‘शून्य वापर’ दिसला म्हणून इंडेक्स उडवू नका! यूपीआयच्या मर्यादा, डेटाबेस आणि एका साध्या फाइलची गोष्ट

१ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयवर काही मर्यादा आल्या, हे तुम्हाला आठवत असेल. एका ॲपमधून दिवसात जास्तीत जास्त ५० वेळा बॅलन्स बघता येतो. आपल्या मोबाइल नंबरला कोणती खाती जोडलेली आहेत, ती यादी २५ वेळा मागवता येते. अडकलेल्या व्यवहाराचं काय झालं, हे ॲपला जास्तीत जास्त तीन वेळा विचारता येतं आणि मध्ये किमान ९० सेकंद थांबावं लागतं. ऑटोपेचे हप्ते गर्दीच्या वेळा सोडून कापायचे, असंही ठरलं.

तेव्हा आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता. ‘दिवसाला ५० वेळा बॅलन्स कोण बघतं रे?’ सोबत महिनाअखेरचे जोक्स होतेच. पण मला त्या बातमीत वेगळी गोष्ट दिसली. या मर्यादा पैसे पाठवण्यावर नव्हत्या, प्रश्न विचारण्यावर होत्या.

आणि त्याला कारण होतं. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय रखडलं. एनपीसीआयने नंतर जे कारण दिलं, त्यात ‘व्यवहाराचं स्टेटस तपासा’ या विनंत्यांचा पूर हे मुख्य होतं. काही बँकांकडून त्याच त्या व्यवहारांबद्दल, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही, पुन्हा पुन्हा विचारणा होत होती. पैसे हलत नव्हते, फक्त ‘झालं का? झालं का?’ एवढंच चालू होतं, आणि त्या भाराखाली यंत्रणा मंदावली.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, डेटाबेसवर काम करतो. प्रश्नांची संख्या कमी करणं हा एक उपाय झाला. दुसरी बाजू म्हणजे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधायला किती कष्ट पडतात. ही बाजू बातम्यांत येत नाही, कारण ती सर्व्हरच्या आत असते. तिचं नाव इंडेक्स. यूपीआय त्या दिवशी इंडेक्समुळे बंद पडलं, असं मी म्हणत नाहीये. पण ‘फक्त बघणं’सुद्धा फुकट नसतं, हे त्या घटनेनं सगळ्यांना दाखवलं. आज मी हीच दुसरी बाजू सांगणार आहे, आणि माझी स्वतःची एक चूकही.

इंडेक्स म्हणजे नेमकं काय?

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. ‘पन्हाळा – पान ४१२’. ती नसेल तर पन्हाळ्याचा उल्लेख शोधायला पहिल्या पानापासून चाळत बसावं लागेल. डेटाबेसचा इंडेक्स म्हणजे हीच सूची. टेबलमधल्या एखाद्या रकान्याची, समजा व्यवहार क्रमांकाची, क्रमवार लावलेली यादी आणि मूळ ओळ कुठे आहे त्याचा पत्ता.

ही यादी झाडासारखी रचलेली असते. एका पानावरून समजा ३०० फांद्या फुटतात. मग चार पायऱ्यांत ३०० × ३०० × ३०० × ३००, म्हणजे ८१० कोटी नोंदींमधून हवी ती एक सापडते. चार पायऱ्या फक्त! इंडेक्स नसेल तर डेटाबेस टेबलाची प्रत्येक ओळ वाचत जातो. याला सीक्वेन्शियल स्कॅन म्हणतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर पहिल्यांदाच महिन्याला २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. दिवसाला सरासरी ६४ कोटींच्या वर. म्हणजे रात्रंदिवस सारखाच वेग धरला तरी सेकंदाला सात हजारांहून जास्त. अशा ठिकाणी एका उत्तराला एक मिलिसेकंद लागतो की चार सेकंद, यावर तुमचा चहावाला ‘आलं’ म्हणणार की ‘थांबा जरा’ म्हणणार, हे ठरतं.

मग सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स का लावत नाहीत? कारण सूची फुकट नसते. प्रत्येक नवीन ओळ आली की त्या टेबलावरचे इंडेक्सही अपडेट करावे लागतात. डिस्कवर जागा जाते, लिहिणं मंदावतं. म्हणून कोणता इंडेक्स कामाचा आणि कोणता उगाच बसून खातोय, हे अधूनमधून तपासावं लागतं. यालाच इंडेक्सचं विश्लेषण म्हणायचं. ते चुकीचं केलं की काय होतं, ते मी अनुभवलंय.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची टीम पुण्यातून एका क्लायंटचं पोर्टल सांभाळत होती. विद्यार्थी त्यावर परीक्षेचे फॉर्म आणि फी भरायचे. डेटाबेस पोस्टग्रेस. डिस्क भरत आली होती, आणि ‘न वापरले जाणारे इंडेक्स शोध’ हे काम माझ्याकडे आलं.

पोस्टग्रेस प्रत्येक इंडेक्स किती वेळा वापरला गेला, याचा आकडा स्वतःच मोजत असतो. मी क्वेरी चालवली, समोर यादी आली. पावत्यांच्या टेबलावर, साधारण ९० लाख ओळींच्या, एक इंडेक्स दिसला. जागा साडेतीनशे एमबी, वापर शून्य. मी स्क्रीनचा फोटो काढला, टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, ‘हा उडवतोय’. दोन अंगठे आले. उडवला.

सात आठवडे काहीच झालं नाही. मग फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला.

संध्याकाळी सातच्या सुमारास हेल्पडेस्कवरच्या ताईंचा फोन. ‘सर, पैसे कापले जातायत पण फॉर्म पेंडिंगच दाखवतोय. मुलं कॅफेत बसून आहेत. दहाला कॅफे बंद होतं.’ मुदत रात्री बारापर्यंत. त्यानंतर लेट फी.

झालं होतं असं. तो इंडेक्स बँकेच्या व्यवहार क्रमांकावर होता. फी अडकली की पोर्टल त्याच क्रमांकावरून पावती शोधायचं, आणि हेल्पडेस्कही. एरवी याची गरज पडत नाही. पण शेवटच्या दिवशी शेकडो मुलं एकाच वेळी फी भरतात, काही व्यवहार लटकतात, पान दर काही सेकंदांनी ‘झालं का?’ विचारत राहतं, आणि मुलंही रिफ्रेश मारत राहतात. आता त्या प्रत्येक प्रश्नाला डेटाबेस ९० लाख ओळी चाळत होता. एका शोधाला चार सेकंद. असे साठ शोध एकदम आले की सगळंच ठप्प. ज्यांची फी नीट गेली होती, त्यांचेही फॉर्म उघडेनात.

कारण समजायला अर्धा तास गेला. खरी लाज पुढे वाटली. इंडेक्स परत बनवायचा तर तो नेमका कोणत्या रकान्यांवर होता, हे माहीत हवं. माझ्याकडे काय होतं? व्हॉट्सॲपवरचा एक फोटो, ज्यात इंडेक्सचं फक्त नाव होतं, आणि नावाच्या शेवटी ‘३’. व्याख्या फोटोत नव्हतीच. शेवटी टेस्टिंगच्या सर्व्हरवरून जुनी रचना शोधून काढली. इंडेक्स बांधायला ११ मिनिटं लागली, तो कसा बांधायचा हे शोधायला दीड तास. साडेनऊला पोर्टल सुरळीत झालं. क्लायंटने मुदत एक दिवस वाढवली, म्हणून निभावलं. पण त्या संध्याकाळी कॅफेत बसून राहिलेल्या मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आपले पैसे गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या लीडने मला बाजूला घेतलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘लाइटच्या मीटरचं एकच रीडिंग बघून बिल काढलंस तू.’

एक रीडिंग काहीच सांगत नाही

तिचं वाक्य नीट समजून घ्या, कारण या लेखाचा सगळा मुद्दा त्यात आहे.

तुमच्या घरच्या वीज मीटरवर ८,४१२ आकडा आहे. यावरून या महिन्याचं बिल सांगता येईल का? नाही. मागच्या महिन्याचा आकडा हवा, मग वजाबाकी. आणि मीटर मध्येच बदललं असेल तर नवीन मीटर शून्यापासून सुरू होतं. म्हणजे घरात वीज वापरली नाही, असं नाही.

डेटाबेसचे आकडेही मीटरसारखेच चढत जातात. आणि तिथेही मीटर बदलतं:

- पोस्टग्रेसची नवीन आवृत्ती बसवली की हे वापराचे आकडे शून्यापासून सुरू होतात. माझ्या बाबतीत हेच झालं. मी बघण्याच्या १२ दिवस आधी अपग्रेड झालं होतं, तेही सुट्टीच्या काळात.
- सर्व्हर क्रॅश होऊन उठला तरी हे आकडे पुसले जाऊ शकतात. कोणी हाताने रीसेट केले तर प्रश्नच नाही.
- मुख्य सर्व्हरची प्रतिकृती असेल, म्हणजे रेप्लिका, तर तिचं मीटर वेगळं असतं. रिपोर्ट रेप्लिकावर चालत असतील तर मुख्य सर्व्हरवर तो इंडेक्स शून्यच दिसेल.
- युनिक इंडेक्स, म्हणजे ‘एक नंबर दोनदा येऊ द्यायचा नाही’ याची राखण करणारा, आपलं काम करत असतो, पण ती राखण या मीटरवर मोजली जात नाही. शून्य दिसलं म्हणून तो काढला की दुहेरी नोंदी घुसायला मोकळ्या.
- काही इंडेक्स हंगामी असतात. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, निकालाच्या दिवशी, मार्चअखेर. एरवी झोपलेले.

उलटही होतं. एखाद्या इंडेक्सवर १८ लाखांचा आकडा दिसतो, वाटतं जोरात चाललाय. पण गेले चार महिने आकडा १८ लाखांवरच थांबलेला असतो. तो वापर जुन्या ॲपचा होता आणि ते ॲप केव्हाच बंद झालंय. हे एका नजरेत कळत नाही. दोन तारखांचे आकडे शेजारी ठेवले की लगेच कळतं.

पोस्टग्रेस १६ पासून, म्हणजे २०२३ पासून, इंडेक्स शेवटचा कधी वापरला त्याची वेळही मिळते. चांगली सोय आहे. पण तीही त्याच मीटरचा भाग, रीसेट झाली की गेली. म्हणून नोंद डेटाबेसच्या बाहेर हवी. म्हणजेच फाइल.

कमांड लाइनवरून फाइल कशी काढायची?

‘स्क्रीनवर दिसतंय की, कॉपी-पेस्ट करू’, असं वाटतं. पण रोज पहाटे दोन वाजता कॉपी-पेस्ट करायला कोण उठणार? कमांड लाइनचा फायदा हाच. एकदा लिहिलेली कमांड रोज, न थकता, अगदी तशीच चालते.

पोस्टग्रेसचं कमांड लाइन ॲप आहे पीएसक्यूएल. त्याला तीन गोष्टी सांगायच्या. क्वेरी काय आहे, उत्तर सीएसव्ही स्वरूपात दे, आणि ते अमुक फाइलमध्ये लिही. सीएसव्हीचा पर्याय आवृत्ती १२ पासून थेट मिळतो. बस, एका ओळीत काम होतं.

इथे नवीन मुलं एका ठिकाणी हमखास अडकतात. पोस्टग्रेसमध्ये ‘कॉपी’ नावाच्या दोन गोष्टी आहेत. साधी कॉपी फाइल सर्व्हरच्या डिस्कवर लिहिते आणि त्यासाठी खास परवानगी लागते. पुढे उलटी तिरकी रेघ लावलेली कॉपी फाइल तुमच्या मशीनवर लिहिते. पहिली वापरून ‘परवानगी नाही’ असं आलं की घाबरू नका, बहुतेक वेळा तुम्हाला दुसरीच हवी असते.

फाइलमध्ये काय काय हवं? मी माझ्या चुकीतून ही यादी बनवली:

- तारीख-वेळ आणि सर्व्हरचं नाव
- टेबलाचं आणि इंडेक्सचं नाव
- इंडेक्सने घेतलेली जागा
- वापराचा आकडा
- हे आकडे शेवटचे कधी रीसेट झाले, ती तारीख
- तो युनिक आहे की नाही
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंडेक्सची पूर्ण व्याख्या

ही शेवटची ओळ त्या संध्याकाळी माझ्याकडे असती, तर दीड तास वाचला असता.

फाइलच्या नावात तारीख घालताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीने लागतात. आणि बाणाचं चिन्ह वापरून आउटपुट फाइलमध्ये वळवत असाल तर लक्षात ठेवा, एक बाण जुनी फाइल पुसून नवी लिहितो, दोन बाण जुन्या मजकुराच्या खाली जोडतात. एका बाणाने लोकांनी महिनाभराच्या नोंदी घालवलेल्या मी पाहिल्यात.

‘वापर किती’ याच्या पुढचा प्रश्न म्हणजे ‘ही क्वेरी इंडेक्स का वापरत नाही?’ त्यासाठी एक्स्प्लेन कमांड. डेटाबेस उत्तर कसं शोधणार, त्याचा आराखडा ती दाखवते. तोही जेसन किंवा साध्या मजकुरात फाइलमध्ये ठेवता येतो. म्हणजे बदलाच्या आधीचा आणि नंतरचा आराखडा शेजारी ठेवून बघता येतो. एक इशारा: एक्स्प्लेनच्या सोबत ॲनालाइझ लावलं की क्वेरी खरोखर चालते. डिलीटच्या क्वेरीवर ‘जरा आराखडा बघू’ म्हणून लावलंत तर ओळी खरोखर उडतील.

फाइल आहे म्हणजे काम झालं?

नाही! आणि याचं जगभर गाजलेलं उदाहरण आहे गिटलॅबचं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनीअरने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं. मग बॅकअपच्या फाइली शोधायला गेले, तर जागा रिकामी. रोज चालणारी बॅकअपची कमांड डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. डेटाबेस ९.६, कमांड ९.२. त्यामुळे ती रोज चालायची, रोज एरर देऊन थांबायची. एररचे ईमेलही जात होते, पण पाठवणाऱ्याची ओळख सिद्ध होत नसल्याने ते नाकारले जात होते. नशिबाने सहा तास आधीची एक प्रत दुसऱ्या कामासाठी घेतलेली होती, तिच्यावरून साइट उभी केली. गिटलॅबने हे लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि सविस्तर अहवाल लिहिला, म्हणून आज आपण शिकू शकतो.

आपल्या छोट्या इंडेक्सच्या फाइलीलाही हेच लागू आहे. हाताने चालवलेली कमांड छान चालते, पण तीच वेळापत्रकावर टाकली की पासवर्ड सापडत नाही, किंवा पीएसक्यूएलच सापडत नाही. बाणाने फक्त उत्तर फाइलमध्ये जातं, एररचा मजकूर वेगळ्या वाटेने जातो. परिणामी फोल्डरमध्ये रोज नवीन तारखेची फाइल, आकार शून्य बाइट. लांबून बघितलं तर सगळं व्यवस्थित.

म्हणून तीन सवयी. एररचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये पकडा. आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि कमांड यशस्वी झाली तरच खरं नाव द्या, म्हणजे अर्धवट फाइल पूर्ण असल्याचं सोंग घेणार नाही. आणि फाइलमध्ये ओळी किती आहेत ते मोजा. काल ६० इंडेक्स होते आणि आज ३ दिसतायत, तर काहीतरी बिनसलंय.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणाऱ्यांसाठी आणखी एक. थेट डबल क्लिक केलं की मराठी अक्षरांच्या जागी बऱ्याचदा चिन्हांची भेळ दिसते, आणि लांबलचक व्यवहार क्रमांक दशांश चिन्हाच्या विचित्र रूपात बदलतो. फाइल खराब नसते. ती डेटा मेन्यूतून इम्पोर्ट करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून घ्या. पण एकदा एक्सेलने बदललेली फाइल तशीच सेव्ह केलीत तर शेवटचे आकडे गेले, ते परत येत नाहीत.

या फाइलमध्ये कोणाची तरी माहिती असू शकते

इंडेक्सच्या आकड्यांत कुणाचं नाव-गाव नसतं. पण एक्स्प्लेनच्या आराखड्यात क्वेरीतली मूल्यं जशीच्या तशी उतरतात. ‘मोबाइल नंबर बरोबर अमुक’, ‘विद्यार्थी क्रमांक बरोबर तमुक’. आपण ती फाइल निवांतपणे ग्रुपवर टाकतो, किंवा ‘हे जरा समजावून सांग’ म्हणत एआय चॅटबॉटला चिकटवतो.

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. पण कायद्याआधी साधी माणुसकी आहे. ज्या मुलीचा नंबर त्या फाइलमध्ये आहे, तिने तो फी भरण्यासाठी दिला होता, तुमच्या ग्रुपसाठी नाही. फाइल बाहेर देण्याआधी ही मूल्यं झाका.

चॅटबॉटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आकड्यांची यादी दिली की एआय पटकन ‘हे पाच इंडेक्स काढून टाका’ असं सुचवू शकतो. मीही तेच केलं होतं, फक्त एआयशिवाय. त्याला एकच रीडिंग दिलंत तर तोही एकाच रीडिंगवरून बिल काढणार. दोन महिन्यांच्या फाइली दिल्यात, रीसेटची तारीख दिलीत, तर सल्ला कामाचा मिळू शकतो. विचारणाऱ्याच्या हातात नोंदी किती आहेत, यावरच उत्तराची किंमत ठरते.

हे सगळं तुमच्या फोनवर करून बघा

तुम्हाला वाटेल, हे सर्व्हरवाल्यांचं झालं, आपला काय संबंध? तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ता डझनावारी डेटाबेस आहेत. एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतो. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये बनवला. व्हॉट्सॲपचे मेसेज, कॉन्टॅक्ट, ब्राउझरची हिस्ट्री, बरंच काही त्यातच राहतं.

अँड्रॉइडवर टर्मक्स ॲप घ्या, त्यात एसक्यूलाइटचं पॅकेज बसवा. टाइप करताना कमांड अर्थातच रोमन अक्षरांत. एक टेबल बनवा, त्यात एक-दोन लाख ओळी भरा. मग एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन लावून एक ओळ शोधा. उत्तरात ‘स्कॅन’ असा शब्द येईल, म्हणजे सगळं टेबल चाळतोय. आता त्या रकान्यावर इंडेक्स बनवा आणि तीच क्वेरी पुन्हा चालवा. ‘सर्च’ आणि ‘युझिंग इंडेक्स’ दिसेल. डॉट-आउटपुट ही कमांड देऊन दोन्ही उत्तरं दोन फाइलींत ठेवा. झालं, तुम्ही इंडेक्सचं विश्लेषण फाइलमध्ये काढलंत.

पुढे जायचं असेल तर लॅपटॉपवर एसक्यूलाइटचं वेगळं ॲनालायझर मिळतं. प्रत्येक टेबल आणि इंडेक्स किती जागा खातो याचा ते अहवाल देतं. गंमत म्हणजे तो मजकूर माणसाला वाचता येतोच, शिवाय तो एसक्यूएल स्क्रिप्टही असतो, त्यामुळे परत डेटाबेसमध्ये भरून त्यावर क्वेरी चालवता येते.

मग इंडेक्स काढायचाच असेल तर?

आज मी असं करतो:

१. वर्षातल्या गर्दीच्या दिवसांसकट पुरेशा काळाच्या फाइली आहेत का, ते बघतो. नसतील तर थांबतो.
२. मुख्य सर्व्हर आणि सगळ्या रेप्लिका, दोन्हीकडचे आकडे वजाबाकी करून बघतो.
३. मायएसक्यूएल ८ असेल तर इंडेक्स थेट काढत नाही, आधी ‘अदृश्य’ करतो. तो अपडेट होत राहतो, पण क्वेरी त्याला बघत नाहीत. गडबड झाली तर क्षणात परत आणता येतो.
४. पोस्टग्रेस असेल तर व्याख्या फाइलमध्ये आहे याची खात्री करतो. परत बांधायची वेळ आलीच तर ‘कन्करंटली’ पर्याय वापरतो, म्हणजे बांधकाम चालू असताना टेबलात लिहिणं अडत नाही.
५. ग्रुपवर फोटो नाही, फाइल टाकतो.

यूपीआयच्या त्या नियमांत एक कलम मला फार आवडलं. यशस्वी व्यवहारानंतर बँकेने शिल्लक रक्कम तिथेच दाखवावी, म्हणजे वेगळं विचारायची गरजच पडू नये. साधा विचार आहे. लोक पुन्हा पुन्हा विचारतात, कारण त्यांना धाकधूक असते. ती संपवली की प्रश्नही कमी होतात.

त्या संध्याकाळी पोर्टलवर रिफ्रेश मारणाऱ्या मुलांची धाकधूक मी वाढवली होती. साडेतीनशे एमबी वाचवायच्या नादात. आता आमच्याकडे रोज पहाटे दोनला एक छोटी फाइल तयार होते, शंभर केबीसुद्धा नाही. बहुतेक दिवस ती कोणीच उघडत नाही. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की मात्र मी आदल्या रात्री उघडतो, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याची फाइल शेजारी ठेवतो, आणि वजाबाकी करतो.